देवमनभाऊंच्या जागेवर

आधी नाव घेतो, मग हकीकत सांगतो. कारंजा लाडचे देवमनभाऊ आणि त्यांच्या घरच्या रुखमाबाई, या दोघांनी मला उभं केलं. पार्टीत बसायला जागा दिली ती वाशीमच्या श्रावणभाऊंनी, हेही खरं. पण त्या जागेवर बसायचं कसं, ते देवमनभाऊंनी शिकवलं. आणि ती जागा मुळात देवमनभाऊंचीच होती. स्वतःची जागा घेणाऱ्याला कुणी शिकवतं का? मला तेव्हा हे कळलं नव्हतं, आणि आज या अंकासाठी लिहायला बसलो तरी नीट कळलेलं नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस आहे. लिहिण्यात पुढचं मागं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी मूळचा कोकणातला, चिपळूणच्या आतल्या एका वाडीतला. वडील गेले, शाळा सुटली, आणि वाशीम स्टेशनवर सांधेवाला असलेल्या मामानं मला बोलावून घेतलं. रेल्वेत चिकटवतो म्हणाला होता. मी चिकटायच्या आधी त्याचीच बदली झाली. तो खांडव्याकडे गेला आणि मी वाशीमला राहिलो, कारण तोवर जयंतीच्या कार्यक्रमात श्रावणभाऊंनी माझं गाणं ऐकलं होतं. “आवाज बरा हाये,” ते म्हणाले. “बोलतो तं नाकात, पन गातो गळ्यानं. राह्य अथीच.” त्यांच्या ओसरीवर माझी वळकटी पडली. गावी आई दुसऱ्याच्या शेतावर जायची. माझ्याकडून काही पैसे गेले तर तिचं जाणं चार दिवस थांबायचं. तेव्हा ती ओसरी आणि पार्टीतली ती जागा सुटली तर मी कुठं जाणार होतो, याचा विचार मी रोज करायचो. उत्तर रोज एकच यायचं, म्हणजे यायचंच नाही.

पार्टी म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. आमची ‘नवा उजेड गायन पार्टी’. दीक्षेनंतरच्या वर्षांत वाशीमच्या चार तरुणांनी ती काढली. श्रावणभाऊ मुख्य गाणारे, देवमनभाऊ झील धरणारे, निवृत्तीमास्तर पेटीवर आणि गुणवंता ढोलकीवर. साठ सालानंतर आठ-दहा वर्षं यांची अशी हवा होती की लोक बैलगाड्या जुंपून येत. पोरं श्रावणभाऊंसारखा भांग पाडत. कार्यक्रम ठरवायचा तर गावचा माणूस येऊन सुपारी देतो. सुपारी घेतली की पाऊस येवो, ताप येवो, जायचंच. मंचावर बसायच्या जागाही ठरलेल्या. मधे गाणारा, त्याच्या उजव्या गुडघ्याला गुडघा लावून झीलकरी, मागं टाळी देणारे. एकदा गाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत कुणी जागेवरून उठत नाही. आमच्यात हा नियम घरातल्या सुतकासारखा पाळतात.

झीलकऱ्याचं काम वरून सोपं दिसतं. गाणारा दोन ओळी म्हणतो आणि शेवटचा शब्द अर्धा सोडतो. तो शब्द झीलकऱ्यानं उचलायचा, वर न्यायचा आणि तिथंच धरून ठेवायचा. तेवढ्यात गाणारा श्वास घेतो, पुढचं कडवं आठवतो, वाटलं तर चहाचा घोट घेतो. लवकर उचललं तर त्याचा शब्द तुटतो. उशीर झाला तर गाण्यात खड्डा पडतो आणि तो खड्डा मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसतो. लोकांच्या लक्षात गाणारा राहतो. पण अंगावर काटा येतो तो झील चढते तेव्हा, हे कुणालाही विचारा.

मी आलो तोपर्यंत जुन्या चारातले दोघंच वाशीमला उरले होते, श्रावणभाऊ आणि निवृत्तीमास्तर. गुणवंता नोकरी लागून अकोल्याला गेला होता. देवमनभाऊ भांडून कारंज्याला गेले, तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये लागले आणि त्यांनी स्वतःची पार्टी काढली. नाव तेच, ‘नवा उजेड’. भांडण कशावरून झालं, ते विचारू नये. मी विचारलं होतं. श्रावणभाऊ म्हणाले, “भर गान्यात त्यानं झील सोडली.” निवृत्तीमास्तर म्हणाले की भांडण चालीवरून झालं. पुढं रुखमाबाई म्हणाल्या, “त्याइलेच आठोत नाई, तुले काय सांगतीन?”

श्रावणभाऊंचा एक कायदा होता. माणसं बदलली तरी नावं बदलायची नाहीत. पार्टीच्या जाहिरातीच्या कागदावर छापलेली चार नावं तीच राहणार. पहिल्या कार्यक्रमाच्या आधी मी भीतभीत विचारलं, “भाऊ, माझं नाव सांगाल ना?”

“नाव कायले पायजे तुले? तू देवमन. थो ढोलकवाला गुणवंता. लोकं चार नावाले येतात बापा, मानसाले नाई.”

ढोलकीवर जो नवा माणूस होता त्याचं खरं नाव मला वर्षभरानं कळलं. आम्ही दोघं घरीसुद्धा एकमेकांना देवमन आणि गुणवंताच म्हणायचो. सवय राहिली पाहिजे म्हणून.

याची गंमतही व्हायची. पोहरादेवीकडच्या एका गावात एक आजी मंचामागं आली. कंदील माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, “देवमन्या, तू तं माह्या पोरीच्या लग्नात आलता. तवा तुले मिशी होती. आता लहान काहून होऊन राह्यला?”

श्रावणभाऊ शांतपणे पान लावत म्हणाले, “आजी, गानाऱ्याचं वय असंच असते. उलटं चालते.”

“असंन बापा,” आजी म्हणाली. “पन आवाज काई थो नाई.”

आवाज तो नाही. हे मला गावोगाव ऐकायला मिळायचं. श्रावणभाऊंचं म्हणणं एकच, “देवमनसारखा गा.” पण देवमनभाऊंना मी कधी ऐकलंच नव्हतं. न पाहिलेल्या माणसाची नक्कल कशी करतात? माझ्याआधी त्या जागेवरून दोघं गेले होते. तिसरा मी. चौथ्याचा शोध सुरू आहे असं गुणवंता, म्हणजे नवा गुणवंता, मला सांगायचा. तो थट्टा करत असेल, पण मी भाकर टाकून उठायचो.

शेवटी मी एसटीनं कारंज्याला गेलो. श्रावणभाऊंना सांगितलं की वाशीमच्या बाजारात जातो. जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली, माणसं बाहेर आली. सगळ्यांच्या भुवया कापसानं पांढऱ्या, सगळे म्हातारे दिसायचे. एकाला देवमनभाऊ कोण म्हणून विचारलं तर तोच म्हणाला, “मीच. काय काम हाये?”

“मी वाशीमच्या पार्टीत असतो.”

“कोनत्या जागेवर?”

खोटं बोलायचं घरून ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं, “तुमच्या.”

त्यांनी भुवयांवरचा कापूस पुसला. माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता बसते कानफटात. ते म्हणाले, “जेवला का?”

घरी रुखमाबाई तव्यावर भाकर टाकत होत्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी हात थांबवला. “बरं झालं. ह्याची जागा घेतली, आता ह्याच्या ताटातली भाकर बी घे. बस, लाजू नोको. चोर झाला म्हून काय उपाशी राह्यतीन?”

जेवण झाल्यावर देवमनभाऊ म्हणाले, “म्हन.” आमच्या पार्टीचं सगळ्यांत गाजलेलं गाणं होतं, ‘चूल पेटली, माय हसली, उंबऱ्यात ऊन आलं’. त्यातलं ते ‘ऊन आलं’ झीलकऱ्याचं. मी जीव खाऊन वर चढवलं. ते मधेच हात वर करून म्हणाले, “तू उडी मारून राह्यला. झील म्हंजे उडी नाई. त्याचा शब्द खाली पडाच्या आंधी हात धर खाली, येवढंच. आन् त्याच्या तोंडाकडं पाहू नोको. डोये पाह्य. दम तुटाच्या जरासाक आंधी श्रावन डोये मिटते.”

मी इतके महिने श्रावणभाऊंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो. मला हे दिसलं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमात पाहिलं, खरंच मिटले.

मग सुट्टीच्या दिवशी मी कारंज्याला जाऊ लागलो. बसमध्ये ओळखीचं कुणी दिसलं की मान खाली. श्रावणभाऊंना कळलं तर ओसरी गेलीच म्हणायची. कारण त्यांच्या घरात देवमनभाऊंचं नाव फक्त मला हाक मारायला घेतलं जायचं. एकदा अंघोळीला जाता जाता ते थांबले आणि म्हणाले, “आजकाल तुह्या गळ्यातून कोनीतरी बोलून राह्यलं बे.” इतकंच बोलून न्हाणीत गेले. त्या दिवशी मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं? कळलं असेल तर बोलले का नाहीत?

देवमनभाऊंकडेही गोंधळ कमी नव्हता. त्यांच्या कागदावरही तीच चार नावं. तिथं देवमन खरा, पण श्रावण म्हणून त्यांचा पुतण्या बसायचा, पंचविशीतला, भांग पाडलेला. म्हणजे वाशीमला खरा श्रावण आणि खोटा देवमन, कारंज्याला खरा देवमन आणि खोटा श्रावण. दोन्ही पार्ट्या लोकांना सांगत, असली नवा उजेड आमचीच. लोकही ज्याला ऐकलं त्याला असली म्हणत. मी एकदा देवमनभाऊंना विचारलं, “मग असली कोणती?” ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “मले काय मालूम? मी अर्ध्यातच होतो.”

हे असंच चालू राहिलं असतं. पण मंगरूळपीरकडच्या एका गावात विहार बांधून झाला आणि उद्घाटनाला गायन ठेवायचं ठरलं. त्या गावात दोन आवारं, म्हणजे भावकीचे दोन गट. एका आवाराचा माणूस वाशीमला येऊन सुपारी देऊन गेला. दुसऱ्या आवारानं आपला माणूस कारंज्याला धाडला. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं, नवा उजेडची सुपारी दिली. गाव खूश, सगळ्यांचं एकमत झालं म्हणून. आम्ही दुपारी गाडीतून उतरलो तेव्हा विहारासमोरच्या मांडवात कारंज्याची मंडळी ढोलकी तापवत बसली होती.

श्रावणभाऊ थांबले. देवमनभाऊ उठून उभे राहिले. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते, मांडवाच्या खांबांकडं बघत होते. मी देवमनभाऊंना ओळख द्यावी की न द्यावी या विचारात पेटीची मूठ धरून उभा राहिलो. रुखमाबाईही आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहून पदर तोंडावर धरला. हसत होत्या की काय, कोण जाणे.

गावातले तुळशीरामजी पंच होते. श्रावणभाऊ त्यांना म्हणाले, “आमी परत जातो. ह्याइले गाऊ द्या.”

“असं कसं?” तुळशीरामजी म्हणाले. “सुपारी घेतली ना तुमी?”

“घेतली.”

“अन् तुमी बी घेतली,” ते देवमनभाऊंना म्हणाले. “मंग? आमी चार नावाची सुपारी देली. दोन श्रावन आले, दोन देवमन आले. गावाचं काई नुकसान नाई. दुप्पट आलं तं वापस कायले पाठवाचं? एका मंचावर बसा.”

“पन असली कोन, लोकाइले काय सांगसान?” कारंज्याचा पुतण्या म्हणाला.

“तू तं नाईस, येवढं दिसून राह्यलं मले,” तुळशीरामजी म्हणाले, आणि मांडवात हशा पिकला.

तोवर बातमी पसरलीच होती. जुनी पार्टी एक झाली, श्रावण-देवमन पुन्हा शेजारी बसणार. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येत होती. आता कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. श्रावणभाऊ मधे बसले. देवमनभाऊ आले आणि त्यांच्या उजव्या बाजूला, माझ्या जागेवर बसले. मी तिथंच उभा होतो. श्रावणभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू उतर खाली. आज खरा आला.”

मी उतरलो. रागानं बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. बैलगाड्यांजवळ जाऊन उभा राहिलो. डोक्यात एकच चाललं होतं. हे दोघं आता एक झाले. चांगली गोष्ट झाली, व्हायलाच हवी होती. मग मी कोण? वाशीमच्या ओसरीवर उद्यापासून कुणाची वळकटी? मामाला खांडव्याला पत्र टाकावं का? ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याच येण्यानं माझी जागा गेली होती, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं. त्यांच्यावर रागवावं तर खाल्लेली भाकर आठवायची.

वंदना झाली. मग रुखमाबाई मला शोधत आल्या. “चाल. हे बलावतात तुले. त्याइच्या मागं बस म्हनतात, पेटीच्या आडोशाले.”

“कशाला?”

“मले नोको इचारू. मी काय पार्टीत हावो?”

मी मागून चढलो आणि देवमनभाऊंच्या पाठीशी बसलो. ते वळले नाहीत. श्रावणभाऊंनी ‘चूल पेटली’ धरलं. काय सांगू, त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. दोन ओळी झाल्या, डोळे मिटले, शब्द अर्धा सुटला. देवमनभाऊंनी तो उचलला. मी पहिल्यांदाच त्यांना मंचावर ऐकत होतो. आवाज सरळ वर निघाला, सुतासारखा, आणि अर्ध्यावर गेला. म्हणजे थांबला. पाठ हलली, खोकला आत दाबला. जिनिंगचा कापूस छातीत किती साचला होता, ते मला त्या क्षणी कळलं. कारंज्याला ते मला म्हणायला लावत, स्वतः वरचं कधी म्हणून दाखवत नसत.

मी विचार केला नाही. खड्डा पडत होता, मी उचललं. ‘ऊन आलं’ मी त्यांच्या पाठीआडून वर नेलं आणि धरून ठेवलं. समोरून आरोळी आली, “वा देवमन! जुना आवाज हाये!” देवमनभाऊंचं तोंड उघडंच होतं, हात कानाला. लोकांना वाटलं तेच गातायत. श्रावणभाऊंना मात्र कळलं असणार. ते थोडे ताठ झाले, पण वळले नाहीत. दुसरं कडवं धरलं, मी पुन्हा मागून उचललं. मला बरंही वाटत होतं आणि रडूही येत होतं. आवाज माझा, नाव त्यांचं. पण असंच तर मी कायम गात आलो होतो.

तिसऱ्या कडव्याला देवमनभाऊ उठले.

गाणं चालू असताना. मी वर सांगितलं, आमच्यात असं करत नाहीत. सगळ्या मांडवानं पाहिलं. निवृत्तीमास्तरांचा पेटीवरचा हात अडखळला. देवमनभाऊ शांतपणे मागं आले, टाळी देणाऱ्यांच्या रांगेत बसले आणि टाळी देऊ लागले. पुढं श्रावणभाऊंच्या शेजारची सतरंजी रिकामी. पेटीच्या आडून मी उघडा पडलो. समोर कुजबुज सुरू झाली. श्रावणभाऊंचे डोळे मिटले, शब्द सुटला, आणि मी त्या रिकाम्या सतरंजीकडंच पाहत राहिलो.

गाण्यात खड्डा पडला. पहिल्यांदाच.

श्रावणभाऊंनी गाणं थांबवलं नाही. तीच ओळ पुन्हा घेतली आणि घेता घेता शेजारच्या सतरंजीवर तळहातानं थाप मारली, दोनदा. मी गुडघ्यांवर सरकत पुढं गेलो. गुडघ्याला गुडघा लागला. त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. मिटले. मी उचललं.

गाणं संपल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, “हा कोन हाये?” मग बरेच जण विचारू लागले. बॅटरीवरचा भोंगा होता, श्रावणभाऊंनी त्याचा माईक ओढला. “हा,” ते म्हणाले आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं. मग माईक तसाच तोंडापुढं धरून मला म्हणाले, “तुहं नाव काय हाये रे बापा?”

सगळा मांडव हसला. मीही हसलो असेन. “सदाशिव,” मी म्हणालो. स्वतःचं नाव भोंग्यातून ऐकून दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

“हा सदाशिव. कोकनातला हाये. आमच्या संग हाये,” श्रावणभाऊ म्हणाले आणि लगेच दुसरं गाणं धरलं. दिवस मावळायच्या आत कार्यक्रम आटोपला, कारण गावात वीज नव्हती आणि लोकांना परत जायचं होतं.

वाटलं, आता सगळं सरळ झालं. दोन्ही पार्ट्यांनी त्यानंतर काही गावं मिळून केली. मग पुन्हा कशावरून तरी बिनसलं आणि दोन ‘नवा उजेड’ झाल्या त्या आजही आहेत. अजूनही कुठल्यातरी जयंतीला एक होतात, पुन्हा दोन होतात. नवे श्रावण येतात, नवे गुणवंता येतात. मी मात्र तेव्हापासून सदाशिवच आहे. ओसरीही तीच आहे, जागाही तीच.

त्या दिवशी देवमनभाऊ का उठले, ते मी पुष्कळदा विचारलं. श्रावणभाऊ म्हणतात, “त्याले माहं गानं मोडाचं होतं. मोडलं नाई, थे सोड.” रुखमाबाई म्हणतात, “तुह्यासाठी उठले रे येड्या, आखीन कायले?” मग लगेच म्हणतात, “नाईतं खोकला आला असंन.” आणि देवमनभाऊ म्हणतात, “पाय अखडले होते.” तिघांचंही खरं वाटतं. एखादे दिवशी तिन्ही एकदम खरी वाटतात आणि मग मला काहीच कळेनासं होतं.

देवमनभाऊंना जिनिंगचं काम आता झेपत नाही. परवा गेलो तेव्हा अंगणात बसून हळू आवाजात काही म्हणत होते. त्यांनी स्वतः जुळवलेली गाणी आहेत, खालच्या पट्टीतली, कुणी ऐकलेली नाहीत. आजवर ते कायम दुसऱ्याचा शब्द उचलत आले, दुसऱ्यानं उचलावा म्हणून स्वतःचा शब्द कधी सोडला नाही. मी म्हटलं, मंचावर म्हणा. तर म्हणाले, “मधात बसाचं म्हनतं का? मले नाई जमत बापा मधात.”

जमेल. भाऊ, हा अंक रुखमाबाईंना कुणाकडून तरी वाचून घ्यायला सांगा. एक दिवस मी सुपारी आणीन, फक्त तुमच्या नावाची. मधे तुम्ही बसायचं आणि तुमची गाणी तुमच्या पट्टीत म्हणायची. उजव्या गुडघ्याशी मी बसेन. तुमचा दम कुठं तुटतो ते मला कुणी शिकवलेलं नाही, पण तेवढं मी पाहून ठेवलं आहे.